गुरुजींचं रिकामं पुणं

आमच्या शाळेच्या गावातून कुणी परगावी निघालं, की बसफाट्यावर त्याला रहांगडाले गुरुजी हटकून भेटतात. निरोप द्यायला नव्हे. खिशातून दुधाची धुऊन वाळवलेली पिशवी काढतात, जाणाऱ्याच्या हातात कोंबतात आणि म्हणतात, "माती आनजो जी. मूठभर. जास्त नोको."

यातून नवरीचीही सुटका नाही. बुलढाण्याला दिलेली एक पोरगी पाठवणीच्या वेळी रडत रडत गाडीत बसत होती, बायका तिच्या गळ्यात पडत होत्या, आणि गुरुजी गर्दीतून वाट काढत पुढे झाले. सगळ्यांना वाटलं, पाकीट देतायत. गुरुजींनी पिशवी दिली. "बुलढान्याची आपल्याजवळ नाही बेटा. मांडवपरतनीले येशीन तवा आनजो." पोरीला रडता रडता हसू फुटलं. तिची आई मात्र कडाडली, "शुभकार्यात मातीचं नाव कायले काढता जी?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "काळी असते म्हन्तात तिकडची. पाहू."

पोरीने माती आणली. काळीच होती.

मी राहते गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला. रोज सकाळी स्कूटीला किक मारते, तिरोड्याच्या रस्त्याला लागते आणि बोदलकसा तलावाच्या अलीकडे एका गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोचते. शाळा दोन शिक्षकांची. एक मी, दुसरे गुरुजी. मुख्याध्यापक तेच, घंटा वाजवणारे तेच, खिचडीत मीठ किती ते सांगणारेही तेच. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी माझं माहेर विचारलं. मी म्हटलं, वाशीम. "अरे वा!" म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता ओळखीचं कुणी निघणार. निघाली ती पिशवी.

हे मातीचं खूळ कुठून आलं, तेही सांगते. चौथीच्या वर्गात महाराष्ट्राचा एक कापडी नकाशा होता. "आपला जिल्हा दाखव," म्हटलं की प्रत्येक पोरगं उजव्या कोपऱ्यात वर बोट टेकवायचं. वर्षानुवर्षं शेकडो बोटं त्याच जागी टेकली. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी दुसऱ्या बाकावरच्या मुलीला उभं केलं आणि विचारलं, गोंदिया कुठे आहे? ती नकाशापाशी गेली, तिने बोट टेकवलं आणि ते सरळ भिंतीला लागलं. तिथे भोक होतं. पोरगी हुशार, जराही न अडखळता म्हणाली, "होता जी. घासून गेला."

साहेब पोट धरून हसले. गुरुजी हसले नाहीत. संध्याकाळी नकाशा गुंडाळताना ते मला म्हणाले, "मॅडम, आपन चुकून राहिलो. बोटानं शिकवलं तं नकाशाले भोक पडते, अन् पोट्ट्याच्या डोक्यात काहीच जात नाही. नकाशा पायानं शिकाव लागते."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शाळेच्या मागचं मैदान धरलं. चुन्याने महाराष्ट्र आखला. जिल्ह्याजिल्ह्यांच्या हद्दीला विटा लावल्या, त्या सिमेंटने पक्क्या केल्या. गडचिरोली बाजेएवढा झाला, मुंबई पाटाएवढी. आणि मग ठरलं, की प्रत्येक जिल्ह्यात त्या त्या जिल्ह्याचीच माती पडणार. मी म्हटलं, "गुरुजी, रंग देऊ ना, स्वस्तात होईल." ते म्हणाले, "रंग दुकानातला असते मॅडम. त्याले जिल्हा कोनता?" मी रंगाचा विषय सोडला.

वरून आम्हाला शैक्षणिक साहित्याची एक पेटीही आली होती, 'आपले राज्य' नावाची. त्यात प्लॅस्टिकचा नारळ होता, होडी होती, दीपस्तंभ होता, आंब्याची पेटी होती. धानाची लोंबी नव्हती. गुरुजींनी सगळं काढून पाहिलं, पुन्हा नीट भरून ठेवलं आणि म्हणाले, "पेटी मस्त हाय. पन आपन तिच्यात नाही."

माती यायला लागली. कुणी गाडीवर क्लीनर होता त्याने धुळ्याची आणली, कुणी नर्सिंगला होती तिने लातूरची. जिल्ह्यांची नावं बदलली तेव्हा गुरुजींनी पाट्या पुन्हा रंगवल्या, "माती तीच हाय, निस्ती पाटी बदलली" असं पोरांना सांगून. मुंबईची माती आणायला गेलेला आमचा एक माजी विद्यार्थी मात्र रडकुंडीला आला. जिकडे तिकडे सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक. शेवटी त्याने तिथल्या रोपवाटिकेतून तुळशीची कुंडी विकत घेतली आणि ती मांडीवर घेऊन गोंदियापर्यंत आला. कुंडीतली माती मुंबईची म्हणायची का, यावर शाळेत मोठी चर्चा झाली. गुरुजींनी निकाल दिला, "मुंबईतले मानसं तरी कुठं मुंबईचे हायेत? चालते."

आणि मग भलतीच पंचाईत झाली. गावातली एक म्हातारी कोल्हापूरच्या देवीला जाऊन आली. तिने माती आणली ती हळदकुंकू मिसळून, देवळाच्या अंगणातली आणली असं म्हणत, आणि नकाशात टाकून वर नमस्कार केला. झालं. पोरं कोल्हापूरवर पाय ठेवेनात. बौद्ध घरातल्या मंडळींनी नागपूरची माती थेट दीक्षाभूमीजवळची आणली, पांढऱ्या स्वच्छ कापडात बांधून. तिच्यावर पाय कोण देणार? नागपूरही बंद. तेवढ्यात कुणीतरी आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या यात्रेहून आला आणि त्याने महादेवाच्या पायथ्याची एक मूठ आणि दर्ग्याजवळची एक मूठ आमच्या गोंदिया जिल्ह्यात आणून ओतली. ज्या नकाशावर पोरांनी चालायचं, तिथे निघायलाच जागा उरली नाही. पोरं भंडाऱ्यातून सुरुवात करायची आणि नागपूर चुकवायला अमरावतीकडे अशी उडी घ्यायची की दोघा-तिघांनी गुडघे फोडून घेतले.

मी म्हटलं, "बघा गुरुजी, तुमचा नकाशा बसला देवळात."

गुरुजींनी गाव बोलावलं. म्हातारी पुढेच बसली होती. गुरुजी म्हणाले, "मावशी, बांधीत धानाची रोवनी करता, तवा पाय कुठं ठेवता?"

"चिखलात. आनखी कुठं?"

"मंग ती माती बाटते का?"

"ते वावर हाय गुरुजी. त्याच्यावर पोट भरते."

"हेबी वावरच हाय. याच्यावर पोट्ट्याचं डोकं भरते."

म्हातारीने जरा विचार केला. मग म्हणाली, चपला घालून नाही हं, आणि पाय धुऊन. तेवढ्यावर तह झाला. ती स्वतः उठली, हापशीवर पाय धुतले आणि लुगडं सावरत कोल्हापूरवरून चालून गेली. तेव्हापासून आमच्या शाळेत भूगोलाचा तास असला, की पोरं हापशीपुढे रांग लावतात. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी रेल्वेगाडी होऊन, एकमेकांचे सदरे धरून, ओल्या पायांनी अख्खं राज्य ओलांडतात. पावलाला कुठली माती चिकटली, ते बघून जिल्हा सांगतात. त्यांना समुद्र दिसलेला नाही, पण रत्नागिरीची माती तांबडी का, ते नीट सांगता येतं.

फक्त पुणं रिकामं होतं.

बरं, पुण्याला जाणारं कुणी नव्हतं असं नाही. आमच्या गावातली निम्मी तरणी पोरं तिकडच्या कंपन्यांत आहेत. दर दिवाळीला पुण्याची माती चार-पाच पिशव्या यायची. गुरुजी पिशवी घ्यायचे, आणणाऱ्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि माती नेऊन जास्वंदाच्या आळ्यात घालायचे. विचारलं तर म्हणायचे, "पुन्याची येऊन राहिली." मी माझ्या मावसभावाकडून मागवलेली मातीही जास्वंदालाच गेली. त्या झाडाला फुलं काय आली म्हणता! आणि इकडे पुण्याच्या खड्ड्यात गावातलं एक लाल कुत्रं झोपायला लागलं. पोरांची गाडी तिथे आली की एकेक जण त्याला ओलांडायचा.

मला राग यायचा. मे महिन्याच्या शेवटी गुरुजी निवृत्त होणार, त्याआधी महाराष्ट्र दिनाला साहेब नकाशा पाहायला येणार, शाळा माझ्या गळ्यात पडणार, आणि मध्येच हे भगदाड. मी एकदा तावातावाने म्हटलंच, "गुरुजी, सगळ्या जिल्ह्यांची माती चालते, मग पुण्याचीच काऊन चालत नाही?" माझ्या तोंडून 'काऊन' निघालं म्हणजे मी खरोखरच चिडले आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

"चालते ना," एवढंच म्हणून ते खडू आणायला गेले.

मला उत्तर मिळालं ते चुकून. दर शनिवारी शाळा सुटली की गुरुजी व्हरांड्यात उभे राहून फोन लावायचे. त्यांचा मुलगा विवेक पुण्याला आहे. आई गेली तेव्हा आला होता, तेरवी झाली आणि गेला, तो पुन्हा आला नव्हता. भांडण वगैरे काही नाही. सुट्टी नसते, गाडीचं रिझर्व्हेशन नसतं, असंच. घरात गुरुजी एकटे. मी वह्या तपासत होते आणि ऐकू येत होतं.

"जेवला का? हां. मीबी जेवलो. बरं, ते पुनं रिकामंच हाय बेटा. पोट्टे विचारून राहिले. नाही नाही, दुसऱ्या कोनाची नोको, तूच आनजो. कधी येऊन राहिला? बरं बरं. कामाचं पाह्य पयले."

फोन संपला. माझ्या लक्षात आलं, की गेल्या कित्येक शनिवारी मी हेच ऐकत होते आणि मातीचंच बोलणं समजत होते. आमच्याकडच्या बापांना 'तुझी आठवण येते' असं पोराला म्हणता येत नाही. त्यांना काम सांगावं लागतं. मी त्या दिवसानंतर पुण्याचं नाव काढलं नाही, आणि कुत्र्यालाही हाकललं नाही.

एप्रिलच्या शेवटी गुरुजी फारच हट्टाला पेटले. विवेकला रोज फोन जायला लागला. साहेब येणार हाय, पोट्टे येणार हाय, गावचे सर्वे येणार हाय. एक तारखेपर्यंत पुणं भरलं पाहिजे. एका फोननंतर ते अगदी खुशीत आत आले. "पाठवतो म्हन्ला मॅडम," म्हणाले, मग जरा थांबून, "म्हन्जे, येतोच म्हन्ला असंन. आवाज कटून राहिला होता."

आदल्या दिवशी दुपारी कुरिअरवाला तिरोड्याहून आला. खोका मोठा सुरेख बांधलेला, फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, वर विवेकच्या अक्षरात पत्ता. आत प्लॅस्टिकच्या डब्यात माती, चाळून घेतल्यासारखी स्वच्छ. चिठ्ठी नव्हती. गुरुजींनी खोका पुन्हा पुन्हा उलटा करून पाहिला. फाट्यावर दुपारची बस थांबल्याचा आवाज आला, तसे ते दारापर्यंत गेले. बसमधून एक बाई आणि तिची कोंबडी उतरली.

मला वाटलं, हीही जाणार जास्वंदाला. पण गुरुजी परत आले, त्यांनी कुत्र्याला उठवलं आणि डबा पुण्यात रिकामा केला. हाताने माती सारखी केली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि विवेकचा इतका संताप आला की तो समोर असता तर मी त्याला छडी मारली असती.

महाराष्ट्र दिन दणक्यात झाला. साहेबांनी बूट काढले, हापशीवर पाय धुतले आणि पोरांच्या गाडीचा शेवटचा डबा होऊन थेट कोल्हापूरपर्यंत गेले. गुरुजींचं कौतुक झालं, नारळ मिळाला, शाल मिळाली. विवेकला मोबाईलवर फोटो पाठवला, त्याने अंगठा पाठवला.

सगळे गेल्यावर मी सतरंज्या गोळा करत होते. गुरुजी नकाशाशेजारी बसले होते, शाल अजून खांद्यावरच.

"पार्सल मस्त बांधलं होतं, नाही का मॅडम?"

"हो गुरुजी."

"हुशारच हाय तो." त्यांनी पुण्यावरची एक काडी उचलून टाकली. "आता नकाशा पुरा झाला. आता त्याले फोन करून काय सांगू?"

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. तुम्ही सरळ सांगा ना, ये म्हणून, असं मी म्हणणार होते. पण तेवढ्यात ते उठले. त्यांनी शाल काढून माझ्याकडे दिली, कोपऱ्यातली लोखंडी सब्बल आणली आणि पुण्याच्या उताराकडच्या विटा उचकटायला लागले. निवृत्तीला आलेला माणूस, पण दणादण घाव घालत होता. एक वीट निघाली, मग दुसरी.

"अहो गुरुजी, काय करताय? पावसाळ्यात सगळं पुणं वाहून जाईल ना!"

"जाऊ द्या ना जी." त्यांनी तिसरी वीट बाजूला ठेवली आणि घाम पुसला. "वाहून गेलं का फोन करतो. सांगतो त्याले, पार्सलची माती टिकत नाही बेटा, हातानंच आनून टाकाव लागते."