सकाळी बर्फ, संध्याकाळी समुद्र

लग्न ईस्टरनंतरचं ठरलं होतं, पोरांचं एकमेकांवर प्रेम होतं, दोन्ही घरं खूश होती. अडलं होतं एकाच गोष्टीवर: लग्नानंतर मिर्सिनीने राहायचं कुठे? तिच्या वडिलांनी, स्टेर्गिओसनी, वोलोस शहरात बंदराजवळ घर बांधलं तेव्हाच वरचा मजला लेकीसाठी राखून ठेवला होता. होणारे व्याही झीसिस समुद्रापासून दूर, आत मैदानातल्या लारिसाचे. त्यांनीही मुलासाठी मजला चढवून ठेवलेला. त्याच गोष्टीचा निकाल लावायला ते बायकोला घेऊन दोन दिवस वोलोसला आले होते.

"लारिसात काय कमी आहे?" शनिवारी जेवताना झीसिसनी विषय काढलाच. पाण्याचे पंप विकणारा माणूस, आडवळणाने बोलायची सवय नाही.

"कमी?" स्टेर्गिओसनी काट्याला टोचलेला मासा हवेत नाचवला. "उन्हाळ्यात तुमच्याकडे गाढवंसुद्धा सावली सोडत नाहीत. आमच्याकडे सकाळी पिलिओन डोंगरावर जायचं, बर्फात घसरायचं. संध्याकाळी खाली यायचं, समुद्रात पोहायचं. एका दिवसात! आहे दुसरीकडे कुठे?"

हे वाक्य वोलोसचा प्रत्येक माणूस प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. पाहुण्याने "वा वा" म्हणायचं आणि मग पुढची बाटली उघडायची, अशी रीतच आहे. आजवर कोणी हे करून पाहिल्याचं ऐकिवात नव्हतं, आणि स्टेर्गिओसना तर चौसष्ट वर्षांत तशी गरजही पडली नव्हती.

झीसिस "वा वा" म्हणाले नाहीत. त्यांनी तोंड पुसलं. "उद्या करून दाखवा."

"कोण, मी?"

"मग काय, मी? जमलं तर पोरं इथे राहतील. नाही जमलं तर लारिसा. बोला."

"अहो," स्टेर्गिओसची बायको असिमिनाने नवऱ्याच्या कानाशी लागून म्हटलं, "फ्रिजमधला बर्फ काढायला तुम्हाला हातमोजे लागतात."

पण व्याह्यांनी हात पुढे केला होता, आणि वोलोसची इज्जत टेबलावर होती. स्टेर्गिओसनी तो हात धरला.

सकाळी नऊ वाजता ते डोंगरावर होते. स्कीचे भाड्याचे बूट घोट्याला असे आवळले होते की पाय कापून दिला असता तरी बूट निघाला नसता. नुसतं बघत उभं राहणं बरं दिसेना म्हणून झीसिसनीही एक जोड चढवला. शिकवणाऱ्या मुलीने दोघांना पाच-पाच वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभं केलं.

"आजोबा, गुडघे वाकवा!"

"दहा वर्षांपूर्वी यायला हवं होतंस, पोरी. तेव्हा वाकायचे."

तिने हलकासा धक्का दिला. स्टेर्गिओस निघाले, पण उलटे. जाता जाता हाताला लागेल ते धरावं म्हणून त्यांनी धरलं, ते नेमके व्याही निघाले. एकमेकांना मिठी मारून दोघे उतार उतरले आणि खाली कडधान्याचं सूप पीत बसलेल्या एका पाद्रीबाबांच्या बाकाखाली जाऊन थांबले. पाद्रीबाबांनी वाटी वर उचलून धरली आणि दुसऱ्या हाताने छातीवर क्रूसाची खूण केली.

"हे घसरणं धरायचं का?" असिमिनाने वरून विचारलं.

"धरायचं," झीसिस बाकाखालून म्हणाले. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता.

खरी पंचाईत संध्याकाळी झाली. मे उजाडल्याशिवाय वोलोसमध्ये कोणी पाण्याला पाय लावत नाही, आणि रविवारी संध्याकाळी सगळं गाव किनाऱ्यावर फेऱ्या मारत असतं. त्या गावादेखत दोन म्हातारे लंगडत, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून, कपड्यांसकट मार्चच्या समुद्रात शिरू लागले. डोंगरावरच्या पराक्रमानंतर दोघांनाही आधाराशिवाय चालता येत नव्हतं.

"अरे देवा, जीव देतायत!" एका म्हातारीने किंकाळी फोडली. "परत फिरा रे बाबांनो! बायका आहेत, भांडायच्याच!"

"आम्ही मजेत आहोत, मावशी!" स्टेर्गिओस ओरडले, पण दात वाजत असल्यामुळे ते रडल्यासारखं ऐकू आलं. कॉफीच्या दुकानातली माणसं धावली. कोणीतरी बंदराच्या पोलिसांना फोन केला. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा त्यांची होडीही आली आणि एका तगड्या पोलिसाने स्टेर्गिओसची कॉलर पकडली.

"सोड मला! अजून पोहलो नाही मी!"

"काका, जगण्यासारखं खूप आहे हो."

"त्यासाठीच तर हे करतोय! माझी लेक माझ्या घरात राहायला हवी रे!"

हे मात्र त्यांच्या पोटातून आलं. वरच्या मजल्यावर सकाळी तिची पावलं वाजावीत, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी हिसडा दिला, कॉलर पोलिसाच्या हातात राहिली आणि बाकीचे स्टेर्गिओस पाण्यात गेले. त्यांनी हात मारले, एक, दोन, तीन. किनाऱ्यावर टाळ्या पडल्या, कारण तोवर असिमिनाने सगळ्यांना हकिगत सांगितली होती.

घरी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडून दोघे व्याही गरम पाण्यात पाय सोडून बसले.  झीसिसनी नाक ओढलं.

"हरलो, व्याही. पोरं इथेच राहतील."

 स्टेर्गिओसचे डोळे भरून आले, त्यांनी व्याह्यांचा हात घट्ट दाबला.

"खरं सांगू?" झीसिस त्यांच्याकडे वळले. "साठ वर्षं जगलो, पण आजच्यासारखा दिवस नाही बघितला. त्या पोरांच्या रांगेत उभा होतो ना, तेव्हाच मनाशी ठरवलं. आम्हीही इथेच येतो. पंपांचं दुकान बघेल पुतण्या. दर रविवारी तुम्ही आणि मी, सकाळी बर्फ, संध्याकाळी समुद्र!"

स्टेर्गिओसचा हात सैल पडला. "इथे... म्हणजे कुठे?"

"तुमचा तळमजला. माशांची जाळी आणि जुने रंगाचे डबेच तर आहेत त्यात. वहिनींनी मघाशीच किल्ली दिली."

तेवढ्यात जिन्यातून विहीणबाईंचा आवाज वर आला. "भाऊजी, खिडक्यांची मापं घेतली हो! पडदे हिरवे चालतील ना?"

असिमिना दारात उभी राहून नवऱ्याकडे बघत होती. स्टेर्गिओसनी पाय पाण्यात आणखी खाली सारले.

"चालतील," ते म्हणाले. "जाड घ्या म्हणावं. रविवारी उजाडलेलं कळता कामा नये."