पानदानाची ओटी

"गहू! चतुरा, अगं गहू! लंडनला जाणाऱ्या पेटीत कुणी गहू भरतं का?"

"कामून? लंडनच्या माणसाला पोट नसतं व्हय? आन् आवाज खाली घ्या. सगुणाबाई भिंतीपल्याड उभी हाय."

"मी न्हाई उभी," भिंतीपलीकडून शेजारीण सगुणाबाई म्हणाली.

पूर्णा स्टेशनामागच्या गल्लीतला हा बखेडा सकाळी सुरू झाला, तो दुपारच्या चहाची वेळ टळली तरी संपेना. ओसरीच्या मधोमध पार्सलचं उसवलेलं खोकं, खोक्यात चतुराबाईचं बिदरी पानदान, पानदानात सव्वा शेर गहू आणि गव्हात किड्यांची जत्रा. पोळ्याला बैल मारुतीभोवती फिरतो तसे सूर्यभानराव त्या खोक्याभोवती फिरत होते. फरक एवढाच, की बैल गप फिरतो.

सुरुवात एवढीशी होती. सूर्यभानरावांना बुलेट घ्यायची होती. वय अडुसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. (बुलेटवर बसवायला दोन माणसं आणि उतरवायला चार लागली असती, पण स्वप्नात माणूस एकटाच बसतो.) पेन्शनीत बुलेट बसेना, म्हणून घरात विकण्याजोगं काय आहे ते बघत फिरता फिरता त्यांची नजर पानदानावर पडली. काळंभोर अंग, त्यावर चांदीच्या वेलबुट्ट्या, कुकराएवढं मोठं. चतुराबाईच्या आईची ती एकच वस्तू घरात उरलेली. सूर्यभानरावांनी त्याचा फोटो काढला आणि फोनवर विक्रीला लावला. किंमत एक लाख.

पहिल्या दिवशी मानवत गावच्या एकानं विचारलं, "पाचशेला देता का?" दुसऱ्या दिवशी कुणीच विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी लंडनहून हेन्रीसाहेब अवतरले.

हेन्रीनं पहिलाच शब्द लिहिला, 'सर'.

आता हे नीट समजून घ्या. सूर्यभानरावांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात पस्तीस वर्षं कारकुनी केली. तेवढ्या वर्षांत त्यांनी स्टेशनमास्तरला सर म्हटलं, इन्स्पेक्टरला सर म्हटलं, एकदा तर अंधारात सिग्नलच्या खांबालाही म्हटलं. त्यांना स्वतःला मात्र कुणी म्हणालं नाही. हमालसुद्धा "ओ पार्सलवाले" अशीच हाक मारायचे. आणि इथं लंडनचा गोरा माणूस दर दोन ओळींनी सर, सर करायला लागला. सूर्यभानराव तिथंच विकले गेले. पानदान नंतर गेलं.

हेन्रीनं घासाघीसही केली, पण उलट्या बाजूला. म्हणाला, एक लाख फार कमी आहे सर, मी दीड देतो. (जन्मात एकदा तरी आठवडी बाजार केलेली कुठलीही बाई इथंच पिशवी उचलून चालू पडली असती. गिऱ्हाईक आपणहून भाव चढवायला लागलं, की समजावं, पैसे त्याच्या गाठीला नाहीत.) मग बँकेचं म्हणून एक पत्र फोनवर आलं. वर हिरवी बरोबरची खूण. आत लिहिलेलं : पैसे भरले आहेत, पार्सलची पावती दाखवा, की तुमच्या खात्यात पडतील.

चतुराबाई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डोळे पुसून म्हणाली, "बरं. जायचंच असंल तर मी बांधते. माझ्या आईचं हाय."

सूर्यभानराव खूश झाले. बायको इतक्यावर मानली म्हणजे आपण बोललोच तसे, असं त्यांना वाटलं.

पण तिच्या माहेरची रीत अशी, की भांडं घरातून रिकामं जात नाही. आणि जे कायमचं निघालं, ते लेकीसारखं, ओटी भरूनच जातं. चतुराबाईनं पानदानात गहू घातले, हळकुंडं, सुपारी, खोबऱ्याची वाटी घातली, वर खण ठेवला. हेन्रीच्या बायकोसाठी दोन तिळाचे लाडू ठेवले. मग जुन्या लुगड्यात गुंडाळून अशी गाठ मारली, की पुराच्या पाण्यात सुटू नये.

कुरियरवाल्यानं पार्सल काट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "काका, लय जड हाय. आत काय?"

"चांदी अस्सल असली की भरतीच वजनाला," सूर्यभानराव म्हणाले. "पार्सल म्हणजे काय ते मला शिकवू नकोस." आणि अर्जावर लिहिलं : 'धातूची पेटी, एक. रिकामी.' खाली झोकदार सही. पावतीचा फोटो त्याच घडीला हेन्रीला गेला.

तेराव्या दिवशी पार्सल मुंबईहूनच परत दारात. सोबत कस्टमवाल्यांचा सरकारी कागद. तोच कागद नाचवत सूर्यभानराव आता ओरडत होते.

"ऐक, काय लिवलंय ते! सापडलेला माल : धान्य. जिवंत कीटक, अगणित. हळकुंडं, पाच. अज्ञात गोल पदार्थ, दोन!"

"अज्ञात?" चतुराबाई ताडकन उठली. "तिळाचे लाडू हायत माझे! त्या सायबाला म्हणावं, खाऊन बघायचा व्हता!"

"अगं, पार्सलवाल्याचंच पार्सल परत आलं! काय तोंड दाखवू मी? दीड लाख बुडवलेस तू माझे!"

"आन् तुमी माझी आई इकायला निघालता, त्याचं काय?"

तेवढ्यात सून प्रियंका शाळेतून आली. चप्पल काढता काढता तिनं सासऱ्यांच्या हातातला फोन घेतला, बँकेचं पत्र वाचलं, मग हेन्रीचा फोटो मोठा करून बघितला.

"बाबा, हा तर परभणीतल्या दातांच्या दवाखान्याच्या बोर्डावरचा माणूस हाय."

"लंडनचाच दिसायलाय की!"

"बोर्डावर समदेच लंडनचे दिसत्यात. आन् हे पत्र बँकेचं न्हाईच. पैसे आलेत का खात्यात?"

"पावती दाखवल्यावर पडणार व्हते."

"पावती कवा दाखवली?"

"...बारा दिवस झाले."

ओसरीवर एक किडा गव्हातून बाहेर आला आणि निवांत चालत गेला.

"म्हंजी पैसे येणारच नव्हते," प्रियंका म्हणाली. "पार्सल तिथं पोचलं असतं, तर आईंचं पानदान फुकट गेलं असतं. ह्या गव्हानं वाचवलं बगा."

"मी काय ऐकलं न्हाई," भिंतीपलीकडून सगुणाबाई म्हणाली.

सूर्यभानराव हळूच खाटेवर टेकले. बुलेट गेली, कुरियरचं भाडं गेलं, पण चेहरा त्यासाठी उतरलेला नव्हता. अगदी बारक्या आवाजात ते म्हणाले, "पर... रोज सर म्हणायचा गं मला."

चतुराबाईनं त्यांच्याकडे बघितलं. ती उठली, पानदान पदरानं पुसून कडीकुलपात ठेवलं, किडका गहू सुपात ओतला आणि सूप नवऱ्याच्या मांडीवर ठेवून, पदर सावरून, अदबीनं म्हणाली,

"सर, तेवढा गहू निवडून द्या, सांजच्या पोळ्या व्हायच्यात."