दत्तारामकाकांचे पाय

दत्तारामकाकांच्या अंगात अवसर येतो, म्हणजे देव येतो, हे वाडीला नवीन नव्हतं. पण तो यायचा देवळात, ढोल वाजल्यावर. या वेळी घरच्या खाटेवर, पेज पिता पिताच आला. काकांचे दात वाजू लागले, धाप लागली आणि ते बरळू लागले. लक्ष्मीकाकीने पेजेची वाटी खाली ठेवली आणि अगरबत्ती पेटवली.

खरी गोष्ट काकांनी कुणाला सांगितलीच नव्हती. खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकताना शिंगाळा माशाचा काटा पायात घुसला होता. त्यांनी त्यावर तंबाखू दाबून विषय मिटवला होता.

शेजारची नर्मदा कुंकवाचा करंडा घेऊन धावली. "म्हाराजा, माझी म्हस खंय गेली ता सांग!"

"पाग ओढ रे... पाग ओढ," काका पुटपुटले.

"म्हणजे म्हस खाडीत!" नर्मदेने काकांच्या पायांवर मूठभर कुंकू चोळलं.

काकांनी कळवळून पाय झटकला. "मेलंय गो, मेलंय!"

देव कोपला असं समजून नर्मदेमागे रांगेत उभ्या बाईने आणखी कुंकू चोळलं.

एवढ्यात बाजारातून कौस्तुभ आला. हा काकांचा पुतण्या, मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला. वडील लवकर गेले, तेव्हापासून काकांनीच त्याला वाढवला, शिकवला. 'आमच्या कौस्तुभाक सगळा कळता,' असं काका तिठ्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

कौस्तुभने ताप पाहिला, धाप पाहिली, नाडी धरली. "काकी, ह्यो अवसर नाय! ह्येका सेप्सिस म्हणतत!"

"सेप्सिस? ह्यो खंयचो रे देव?"

निदान अगदी बरोबर होतं, आणि घात झाला तो तिथेच. पेपरात याच उत्तराला पोराला पैकीच्या पैकी गुण होते. पुढचा प्रश्न: रक्तात पसरलेले हे जंतू शिरले कुठून? काका बरळतात, अर्थात डोक्यातून! म्हणजे सीटी स्कॅन हवा. काकांचे पाय त्याने पाहिले. लाल होते. पण आज त्या घरात उंबरठासुद्धा लाल होता.

वाडीतल्या धनेशच्या रिक्षात काकांना घातलं. वाटेत दवाखाना आला, तसा धनेशने वेग कमी केला. "हयसर थांबाया? सलाईन तरी लावतले."

"नको. हयसर सीटी नाय. फुडे चल."

कसाल गाव मागे पडलं. काकांनी डोकं कौस्तुभच्या खांद्यावर टेकलं आणि एकदाच शुद्धीवर येऊन म्हणाले, "तू आसस मा? मग माका भ्या नाय."

जिल्ह्याच्या हॉस्पिटलात सीटीची रांग लांब होती. अखेर रिपोर्ट आला: डोक्यात काही नाही. कौस्तुभला केवढा आनंद झाला! हॉस्पिटलची पांढरी चादर खराब व्हायला नको म्हणून त्याने कापूस भिजवला आणि काकांच्या पायांवरचं कुंकू पुसायला घेतलं. डावा पाय स्वच्छ झाला. उजव्या पायाचा लाल रंग काही निघेना. त्याने आणखी पाणी घेतलं, आणखी जोरात पुसलं. लाली घोट्यावरून पोटरीत आणि पोटरीतून गुडघ्यापर्यंत गेली होती. तळव्याला अजून थोडी तंबाखू चिकटलेली होती.

मग डॉक्टर धावले, सलाईन लागलं, औषधं लागली. ती वाटेतल्या दवाखान्यातही होती. काका वाचले नाहीत.

नर्मदेची म्हैस खरोखरच खाडीकाठी सापडली. तिने येऊन काकांच्या फोटोपुढे नारळ ठेवला. लक्ष्मीकाकी त्या नारळाकडे बघत बसून राहिली. कौस्तुभ तोंड लपवून माडात गेला आणि लहान पोरासारखा रडला.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत त्याला एक म्हातारा रुग्ण मिळाला. परीक्षकांनी विचारलं, "ताप आहे, धाप आहे, मध्येच बरळतो. सेप्सिस वाटतोय. बोला, सीटी कधी सांगाल?"

 कौस्तुभने चादर वर केली, कापूस भिजवला आणि म्हाताऱ्याचे पाय पुसू लागला. म्हातारा अवघडून पाय मागे ओढू लागला. बाकीची मुलं फिदीफिदी हसली.

"अहो डॉक्टर," परीक्षकही हसले, "परीक्षा आहे ही. पूजा कसली मांडताय?"

"पूजा झाली, सर," कौस्तुभ खाली बघतच म्हणाला. "पुसायचं राहिलं होतं."