एकमेव जाणकार

नियतकालिकाच्या कचेरीतून आलेला लेख तिने उघडला. वर लिहिलं होतं, 'अभिप्रायासाठी. लेखकाचे नाव गुप्त'. खाली तिचाच लेख होता. नदीवरच्या जुन्या होड्यांचा इतिहास, चार वर्षं दप्तरांची धूळ खाऊन लिहिलेला. सत्र संपायच्या आत एक तरी लेख छापून आला नाही, तर महाविद्यालयातली तिची हंगामी नोकरी जाणार होती.

तिने सरळ कचेरीत फोन लावला.

"लेखक कोण ते ओळखायचा प्रयत्न करू नका, मॅडम," कारकून म्हणाला. "नियमात बसत नाही."

"अहो, पण तो लेख माझाच आहे."

"असं कसं होईल? नाव मी स्वतः खोडलंय." बोलणं त्याच्या मनाला लागलं होतं. "आणि होड्यांवर अभ्यास केलेलं तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही. तुम्ही नाही म्हणालात तर लेख पडून राहील, बघा."

सासरे निवृत्त मास्तर. त्यांनी हातातलं शब्दकोडं बाजूला ठेवलं.

"चाळीस वर्षं पेपर तपासले, पण असा योग माझ्या वाट्याला नाही आला. देऊन टाक पैकीच्या पैकी."

"संशय येईल ना, बाबा."

"मग एखादी खोट काढ. चवीपुरती."

तिने चवीपुरती काढली: होड्यांची संख्या नीट पडताळलेली नाही. त्यावरून तिसरं पान आठवलं. ते घरी पाहुणे असताना घाईत उरकलेलं. तिथून पाचव्यावर जावंच लागलं, कारण तिथला निष्कर्ष तिसऱ्याच्याच आधाराने उभा होता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ सगळ्यांनाच दिसतं. हिला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसलं, तेही अख्खं. संध्याकाळपर्यंत बारा पानं झाली. मूळ लेख नऊ पानांचा होता.

"अगं, आवर आता," सासरे म्हणाले. "पोर नापास होईल."

"पण हे चूकच आहे हो, बाबा," ती म्हणाली. इतक्या मजेत तिने वर्षभरात काही लिहिलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी एकाच दिवशी दोन पत्रं आली. पहिलं लेखिकेला: जाणकारांच्या अभिप्रायावरून लेख नाकारण्यात येत आहे. तिला रडूच कोसळलं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. दुसरं पत्र जाणकारांना होतं, ते सासऱ्यांनी उभ्याउभ्याच वाचून दाखवलं. अभिप्राय इतका अभ्यासपूर्ण आहे, की संपादकांना तो स्वतंत्र लेख म्हणून छापायचा आहे. मूळ लेखकाची हरकत नसावी, तेवढं कचेरी गुप्तपणे विचारून घेईल.

लेखकाची हरकत नव्हती. तसं उलट टपाली कळवण्यात आलं.

सत्र संपायला आठवडा असताना विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. टेबलावर नवा अंक उघडा होता.

"काय सालटी काढलीत हो त्या माणसाची," ते खूश होऊन म्हणाले. "तुम्हाला कायम करतोय. फक्त एक लक्षात ठेवा. हा होडीवाला उद्या आपल्याकडेही नोकरी मागायला यायचा. त्याला दारातसुद्धा उभं करायचं नाही."

"नाही, सर," ती म्हणाली आणि नेमणुकीच्या कागदावर तिने सही केली.