केळुसकरांचा हौद

केळुसकरकाका पाण्याचा वास घेत. अत्तराचा घ्यावा तसा, डोळे मिटून.

मुलुंडला आमच्या शेजारी त्यांचं बैठं घर. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या अंगणात पांढऱ्या टाइल्सचा हौद बांधला. गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून राहण्यासाठी! जपानी लोक असेच बसतात म्हणे. आम्ही बादलीभर पाण्यात घरदार उरकत होतो आणि हा गृहस्थ विहीर उपसून, बंब पेटवून, हौद भरून वास घेत होता.

आयुष्य रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत गेलेलं. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. रोज हौदात कागदाची पट्टी बुडवायची. ती लाल झाली की "आंबटलं रे, आंबटलं!" म्हणत धुण्याचा सोडा. निळी झाली की थेंब थेंब ॲसिड. वर ब्लीचिंग पावडर, तुरटी आणि पालापाचोळा टिपायला चहाची गाळणी. सुनेचं बाळंतपणही कुणी इतक्या काळजीने करत नाही.

"पाणी दिसतं साधं, असतं लबाड," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. लबाड कोण, याबद्दल माझं मत वेगळं होतं.

एकदा देवगडहून आलेल्या माझ्या सासऱ्यांनी कौतुकाने त्यात पाय सोडले. काका माझ्यावरच ओरडले, "मेल्या, तवंग बघ! पायाला खोबरेल लावलंय त्यांनी!" अख्खा हौद उपसून घासला. सासरे संध्याकाळच्याच गाडीने परत गेले.

मग एका थंडीतल्या रविवारी पाणी अगदी काचेसारखं झालं होतं. वाफा निघत होत्या. काका नुसते काठाने फेऱ्या मारत होते. मी कुंपणावरून टोमणा मारला, "काका, एवढी बडदास्त ठेवता, आत कधी उतरलात तरी का?"

"नाही."

मला हसू फुटलं.

"गरम पाण्यात चक्कर येते कधीकधी," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "घसरलो तर बाहेर काढायला कुणी नको? ही होती तेव्हा हौद झाला नाही. आता हौद आहे." मग माझ्याकडे वळून, "तुला काम आहे का रे आज?"

मी कुंपण ओलांडून गेलो, बादली उपडी घालून काठाशी बसलो. काका पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर हळूच उतरले, गळ्यापर्यंत बुडाले आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने, डोळे न उघडता म्हणाले, "आहेस ना रे?"

"आहे, काका."

"कंटाळलास तर सांग."

"नाही."

पाणी गार होईपर्यंत ते अधूनमधून विचारत राहिले. मी होतो.