जपानी कड्यांचं सुतक

रविवारी सकाळी साडेसहा वाजता पलूसच्या कबड्डी मैदानावर जोतीरामने मनगटातलं चुंबकाचं कडं रुमालाने धरून काढलं, रुमालासकट लिंबाच्या फांदीला अडकवलं आणि आपण संध्याकाळी खेळणार नाही असं जाहीर केलं. संध्याकाळी सांगलीत कवठे महांकाळच्या संघाशी अंतिम सामना होता.

कारण रात्री खंडाळ्याहून फोनवर आलं होतं. भाऊकीतले एक चुलत आजोबा वारले. वय नव्वदच्या पुढे. संघातल्या कुणी त्यांना पाहिलेलं नव्हतं, आणि त्यांनी कधी कबड्डी पाहिल्याचं कुणाला माहीत नव्हतं. पण भाऊकी ती भाऊकी, आणि सातपैकी सहा खेळाडू तिच्यातलेच. सहाही जणांना सुतक लागलं. खेळायला सुतकाची आडकाठी नव्हती. अडचण कड्यांची होती.

पहिलं कडं जोतीरामने दिवाळीत सांगलीच्या एका प्रदर्शनात घेतलं होतं. टाय लावलेल्या विक्रेत्याने त्याला हात आडवा धरायला सांगून वरून दाबला. हात खाली गेला. मग कडं चढवून पुन्हा दाबला. हात हलला नाही. दोन्ही वेळा दाबणारा विक्रेताच होता, या गोष्टीला जोतीरामने महत्त्व दिलं नाही. डबीवर जपानी अक्षरं होती, आणि ती वाचता येत नसल्यामुळे त्यांच्यावर शंका घ्यायला जागा नव्हती. पुढच्याच सामन्यात त्याने एका चढाईत तीन गडी बाद केले. त्याआधी दोन महिने तो रोज पहाटे ताकारीच्या रस्त्याने पळत होता, पण पळणं काही डबीतून आलेलं नव्हतं. महिनाभरात संघात सहा कडी झाली.

कडं न घेणारा सातवा खेळाडू प्रबुद्ध. तो कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि मैदानावर डावा कोपरा सांभाळायचा. त्याने एकदा सगळ्यांदेखत जोतीरामच्या कड्याजवळ टाचणी धरली. टाचणी खाली पडली. हे चुंबकच नाही, असा निष्कर्ष त्याने शांतपणे सांगितला.

"आसंल की," जोतीराम म्हणाला. "समदी ताकद अंगात उतरल्यावर टाचणी कशाला धरंल?"

प्रबुद्धने टाचणी उचलून खिशाला लावली.

पुढे जोतीरामच्या आईने, रंगुबाईने, सहाही कडी जोतिबाच्या डोंगरावर नेली, देवाच्या पायाला लावली, गुलाल लावून परत आणली. तिथे जपानचा संबंध संपला. आता ती देवाची वस्तू होती, आणि सुतकातल्या माणसाने देवाच्या वस्तूला हात लावायचा नसतो.

प्रशिक्षक दादासो हे भाऊकीतलेच, सैन्यातले निवृत्त हवालदार. त्यांनी आधी हुकूम दिला, मग विनवणी केली. कड्याशिवाय खेळा म्हणाले, तर कुणी तयार होईना. एकाचा गुडघा तिथल्या तिथे दुखायला लागला. कडं यायच्या आधी हेच सहा जण दोन वर्षं तालुक्यात पहिले आले होते, याची दादासोंनी आठवण करून दिली. तेव्हा आपल्याला आपल्यात काय कमी आहे ते ठाऊक नव्हतं, असं उत्तर मिळालं.

यात खरं नुकसान जोतीरामचंच होतं. एका साखर कारखान्याचा क्रीडाधिकारी सामना बघायला येणार होता. कारखान्याच्या संघात एका चढाईपटूची जागा होती आणि त्या जागेला कायम नोकरी जोडलेली होती. जोतीरामचं वय निघत चाललं होतं. बघून ठेवलेल्या मुलीच्या बापाने, पोरगा पर्मनंट झाल्याशिवाय सुपारी फुटणार नाही, असं दोनदा कळवलं होतं.

शेवटी मंडळी भाऊकीतल्या थोरल्या आप्पासाहेबांकडे गेली. आप्पासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहा संपल्यावर निवाडा दिला. सुतकात घरातला देव उपाशी ठेवत नाहीत. भाऊकीबाहेरचा शेजारी येऊन दिवा लावतो, पूजा करतो, पुण्य घरच्यांनाच लागतं. तसंच सहाही कडी सुतक नसलेल्या एखाद्याने घालावीत. ताकद ज्याची त्याला पोचेल.

सगळ्यांनी प्रबुद्धकडे पाहिलं.

"आप्पासाहेब," प्रबुद्ध म्हणाला, "माझ्या आज्याला तुमी उंबऱ्याच्या आत घेत नव्हता. आज तुमचा देवच माझ्या मनगटात घालताय व्हय?"

"काळ बदलला, बाबा," आप्पासाहेब म्हणाले. "आन् मॅच आजच हाय."

घरी बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत, आईला काय सांगू, असंही प्रबुद्धने विचारून पाहिलं. जपानी माल आहे म्हणून सांग, असं दादासोंनी सुचवलं. प्रबुद्ध नाहीच म्हणणार होता. पण जोतीराम त्याला बाजूला घेऊन एवढंच म्हणाला, "पटत न्हाई तर नगं पटवून घिऊ. पर माझी सुपारी फुटू दे की रं गड्या."

दोघं पहिलीपासून एका बाकावर बसलेले. प्रबुद्धने हात पुढे केले. रंगुबाईने कडी ताटातून पुढे सरकवली, त्याने स्वतः चढवली. तीन डावीकडे, तीन उजवीकडे.

सांगलीत नवा प्रश्न उभा राहिला. अंगावर धातूची वस्तू घालून मैदानात उतरायचं नाही, असा नियम आहे. गावातल्या सामन्यांत एकेक कडं रुमालाखाली खपून जायचं. कोपरापर्यंत गेलेली सहा कडी खपेनात. पंचांनी ती काढायला सांगितली. सुतकातले हात लावू शकत नव्हते, आणि पिशवीत टाकली तर ताकद पिशवीला मिळणार. तेव्हा दादासोंनी सैन्यातल्या सवयीने तातडीचा निर्णय घेतला. जिल्ह्यातला सर्वांत भरवशाचा डावा कोपरा राखीव खेळाडूंत बसवला, आणि त्याच्या जागी भाऊकीतलाच, पकडीपेक्षा बसमध्ये जागा धरण्यात तरबेज असलेला जयराज उतरला.

पहिल्या डावात पलूस आठ गुणांनी मागे पडलं. मध्यंतरात जोतीरामने कारण शोधून काढलं. प्रबुद्ध हात मांडीवर ठेवून बसला होता. ताकद त्याच्या मांडीत जात होती.

"हात मैदानाकडं कर," जोतीराम म्हणाला. "सरळ धर. आन् मदी खाजवू नको."

दुसरा डाव प्रबुद्धने दोन्ही हात पुढे पसरून काढला. प्रेक्षकांत त्याचे अकरावीचे काही विद्यार्थी होते. ते जागा सोडून पुढे येऊन बसले. एकदा माशी बसली म्हणून त्याने उजवा हात नाकाकडे नेला, त्याच क्षणी जोतीराम पकडला गेला. त्यानंतर त्याने माशीला नाक दिलं. जोतीराम सुटला तो सुटलाच. शेवटच्या चढाईत दोन गडी बाद करून त्याने सामना एका गुणाने जिंकून दिला. कारखान्याच्या क्रीडाधिकाऱ्याने त्याची पाठ थोपटली आणि नेमणूक झालीच समजा असं सांगितलं.

तासाभरात कवठे महांकाळच्या संघाने लेखी हरकत घेतली. पलूसने मैदानाबाहेर माणूस बसवून त्याच्या हातांतून शक्ती सोडली, असं तीत लिहिलं होतं. आपल्या दोन खेळाडूंना ती पायाच्या पोटरीत जाणवली, असंही जोडलं होतं.

हरकत स्पर्धा समितीपुढे आली. समितीचे अध्यक्ष वकील होते. सुतक फिटेपर्यंत सुनावणी नको, ही पलूसची विनंती त्यांनी मान्य केली. तोपर्यंत प्रबुद्धने सहा कडी घालूनच वर्गात प्रकाशाचं अपवर्तन शिकवलं. आई त्याच्याशी चार दिवस बोलली नाही. नंतर बोलली, ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं.

सुनावणीत अध्यक्षांनी सोपा मार्ग काढला. या कड्यांत कसलीही शक्ती नाही, असं चढाईपटूने स्वतःच्या सहीने लिहून द्यावं; हरकत फेटाळू. कारखान्यानेही कळवलं, निकाल लागला की नेमणूक. प्रबुद्ध आनंदाने उठला आणि आपण दहा वेळा सही करतो म्हणाला. अध्यक्षांनी त्याला बसवलं. कड्यांत शक्ती नाही हे भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने सांगून भागत नव्हतं, कारण गुण त्याचे नव्हते.

जोतीराम मात्र कागद समोर घेऊन बसून राहिला.

"आरं, कर की सही," प्रबुद्ध कानाशी म्हणाला. "सुपारी फुटती हितं."

"लिवून दिलं आन् ते खरंच झालं तर?" जोतीराम म्हणाला. "मग कारखान्यात जाऊन खेळू कशावर?"

अध्यक्षांनी आठ दिवसांची मुदत दिली. मुलीच्या बापाने त्याच मुदतीत दुसरं स्थळ बघायला सुरुवात केली. दादासो घरी जाऊन बसले, आप्पासाहेबांनी निवाडा द्यायचं नाकारलं.

हाती आलेल्या शेवटच्या माहितीप्रमाणे जोतीराम सहीला तयार झाला आहे. मात्र इतक्या महत्त्वाच्या कागदावर सही करताना हात डगमगू नये म्हणून तेवढ्यापुरतं कडं घालायची परवानगी द्यावी, असा अर्ज त्याने केला आहे. समितीची बैठक सुरू आहे.