पुसलेली सनई

आमच्या शेजारचे संपतआप्पा कुकरच्या शिट्टीतही खोट काढतात. "मास्तर, तुमची शिट्टी उठती झकास, पण विरताना लय घाई करती," असं त्यांनी मला भर पंगतीत सांगितलं होतं. आता शिट्टीचं काय ऐकायचं? वरण शिजलं म्हणजे झालं! पण कुठलाही आवाज कसा उठतो, किती टिकतो, कसा विरतो हे तपासल्याशिवाय या गृहस्थाला चैन पडत नाही. माझ्या सुनेच्या शिंकेचं मात्र त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. ती अजून त्यांच्यासमोर शिंकत नाही.

आप्पा मूळचे उंब्रजचे. शिरवळच्या कारखान्यात यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायचे. निवृत्त होऊन एकटेच इथे विश्रामबागेत, आमच्या शेजारी राहायला आले आणि आमच्या दुपारच्या झोपेचं खोबरं झालं.

वरातीत वाजवणाऱ्या बँजो पार्ट्यांकडे जपानी सिंथेसायझर, म्हणजे हव्या त्या वाद्याचा आवाज काढणारे कीबोर्ड असतात. त्यात नवा आवाज घडवायचा तर दोन ओळींचा इवलासा पडदा आणि मूठभर बटणं. डोळे फुटायची वेळ येते. आप्पांनी त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिलंय. वायर जोडून 'आण' दाबलं की यंत्राच्या पोटातलं सगळं कॉम्प्युटरवर दिसतं. माउसनं पट्ट्या सरकवायच्या, हलगी हवी तर हलगी करायची, आणि 'पाठव' दाबून यंत्रात भरायची. "आवं आप्पा, जरा झणझणीत करून द्या की!" म्हणत वाजवणारे लांबून येतात.

पण ते 'पाठव' बटण म्हणजे छळ आहे. दाबलं की पडद्यावर येतं, 'यंत्रातलं आधी आणून ठेवलंस का?' हो म्हटलं की, 'खरंच?' पुन्हा हो म्हटलं की, 'गड्या, विचार कर.' मी खो खो हसलो. आप्पा हसले नाहीत.

"ते माज्यासाठी लिवलंय, मास्तर," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ बँजो पार्टीत सिंथेसायझर वाजवायचे. कुठलं सॉफ्टवेअर नाही, काही नाही. नुसत्या कानावर त्यांनी त्यात एक सनई घडवली होती. ते गेल्यावर वहिनींनी यंत्र आप्पांच्या हवाली केलं. आतली बॅटरी संपत आली होती आणि ती संपली की आवाज पुसले जातात. त्याआधी तेवढी सनई काढून ठेवा, एवढंच त्यांचं मागणं. आप्पांनी त्यासाठीच हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. आणि पहिल्याच चाचणीत 'आण'च्या जागी 'पाठव' दाबलं. कॉम्प्युटरमधली कोरी पाटी भावाच्या सनईवर जाऊन बसली.

"वैनीला म्हणलं, बॅटरी गेली. खरं सांगायला तोंडच न्हाई मला."

तेव्हापासून ते ती सनई आठवणीनं पुन्हा घडवत होते. रोज दुपारी. मी खिडकी आपटून लावायचो, ते सोडून दिलं. वाईट वाटायचं हो.

परवा वहिनी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. मी तिथेच बसलो होतो. पत्रिका देताना त्या म्हणाल्या, "मांडवात तिच्या बापाची सनई वाजाय पायजे हुती, भावजी."

आप्पा उठले आणि सिंथेसायझरवर आपण घडवलेली सनई वाजवू लागले. माझ्या कानाला तर सनई अगदी अस्सल वाटली. वहिनींनी मान हलवली.

"लय चोख झालंय हे. त्यांचा सूर आदी खालनं यायचा, मग जाग्यावर बसायचा. मी भांडायची, यंत्र बिघडलंय म्हणून."

आप्पांनी कॉम्प्युटरवरची एक पट्टी जराशी खाली ओढली. पुन्हा वाजवलं. वहिनींच्या हातातला चष्मा मांडीवर पडला.

"हीच," त्या म्हणाल्या. "हीच की वो!"

आप्पांनी माउस बाजूला सारला. "वैनी, बॅटरी गेली नव्हती. मी पुसली सनई. माज्या हातनं."

वहिनींनी सावकाश डोळे पुसले.

"मला तवाच कळलं हुतं. आवं, बॅटरी गेली म्हणून कुणी भावाच्या घरी जेवायचं सोडतं व्हय?"

त्यांनी पदर खोचला, सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून विचारलं, "पीठ कुठं ठेवलंय, भावजी?"

शेवटी मीच उठून डबा काढून दिला.